निष्ठावंत पाहुण्याचे विलीनीकरण

दोन हॉटेल कंपन्यांचे विलीनीकरण झाले त्याची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, हवामानाच्या शेजारी आली होती. चष्म्याच्या काचा विकणाऱ्या एका गृहस्थांनी ती वाचली नाही. त्या दिवशी ते फिरतीवर होते, आणि विलीन झालेल्या दोघींपैकी धाकट्या कंपनीच्याच हॉटेलात, दुसऱ्या मजल्यावर, बूट काढून बसले होते.

गेली बावीस वर्षे दर महिन्याला सहा रात्री ते याच हॉटेलात उतरत. तिथली माणसे त्यांना भिंगवाले साहेब म्हणत. चहा बिनसाखरेचा, उशी पातळ, खोली रस्त्यापासून लांबची, हे त्यांना कधी सांगावे लागत नसे. तक्रार त्यांनी कधीच केली नव्हती. एकदा थंडीच्या दिवसांत नळाला गरम पाणी आले नाही, तेव्हा ते गार पाण्याने आंघोळ करून कामावर गेले आणि शिंकत शिंकत काचांचे नमुने दाखवून आले.

या निष्ठेबद्दल कंपनीने त्यांना सोनेरी कार्ड दिले होते आणि त्या कार्डावर सात रात्रींचा सपत्नीक मोफत मुक्काम जमा झाला होता. तो त्यांनी निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवला होता. बायकोला तसा शब्दही दिला होता. बायकोची हॉटेलशी ओळख होती ती नवऱ्याच्या बॅगेतून घरी येणाऱ्या साबणाच्या छोट्या वड्यांपुरती. तिची अपेक्षाही मोठी नव्हती.

"मी दात घासून येईपर्यंत माझं अंथरूण दुसऱ्या कुणीतरी आवरलेलं असावं," ती म्हणे. "एवढं एकदा बघायचंय मला."

निवृत्तीला दोन महिने उरले असताना थोरल्या कंपनीचे पत्र आले. त्याच्या मथळ्यात 'आनंदाची बातमी' असे छापलेले असल्यामुळे त्यांच्या मुलीने ते अत्यंत काळजीपूर्वक वाचायला घेतले.

"बाबा, तुमचं सोनं आता सोनं नाही राहिलं."

"म्हणजे?"

"मोठ्या कंपनीत सोन्याच्या वर प्लॅटिनम आहे, त्याच्या वर नीलम, त्याच्या वर हिरा. सोन्याच्या खाली फक्त 'आगंतुक' आहेत."

"आगंतुक कोण?"

"जे पाऊस आला म्हणून आत येऊन उभे राहतात ते."

पत्रात पुढे असेही होते की जमा झालेले मोफत मुक्काम सुरक्षित असून ते फक्त हिरा पाहुण्यांना वापरता येतील. मुलीने मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक बाई बोलल्या. भिंगवाल्यांच्या रात्री हिऱ्यासाठी कमी पडत होत्या, पण आशा सोडण्याचे कारण नव्हते. कंपनीत 'पाहुणे सुसूत्रीकरण विभाग' नव्याने सुरू झाला होता.

त्या विभागाचे पत्र आले. त्यातले म्हणणे साधे होते. दोन कंपन्या एक झाल्या, दोन मुख्यालये एक झाली, दोन मुदपाकखाने एक झाले. मग पाहुणेच तेवढे दोन कशाला ठेवायचे? थोरल्या कंपनीकडेही असेच एक गृहस्थ होते. ते दंतवैद्यांच्या खुर्च्या विकत. वय तेच, फिरती तीच, आणि हिऱ्याला कमी पडणेही तेच. दोघांच्या रात्री एकत्र केल्या की हिरा पूर्ण होत होता. दोन अपुरे पाहुणे सांभाळण्यापेक्षा एक पुरेसा पाहुणा सांभाळणे दोन्ही पक्षांच्या हिताचे होते. सोबत शेहेचाळीस पानी संमतीपत्र होते.

"बाबा, सही करू नका," मुलगी म्हणाली. "हे काहीतरी भलतंच दिसतंय."

"अगं, कागदोपत्रीच तर एकत्र करतायत," भिंगवाले म्हणाले. त्यांच्या नजरेसमोर हिरा होता. बावीस वर्षे सोन्यावर काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकून काय होते हे ज्याचे त्यालाच कळते. त्यांनी शेवटच्या पानावर सही केली आणि संध्याकाळी सहज म्हणून दोन शेजाऱ्यांना ते सांगूनही आले.

निवृत्तीनंतर ठरल्या दिवशी दुपारी बारा वाजता ते बायकोसह हॉटेलात पोचले. बायकोने खास नवी बॅग घेतली होती. स्वागतकक्षातल्या मुलीने कार्ड यंत्रात घातले, पडद्याकडे पाहिले आणि नम्रपणे हसली.

"सर, आपण सकाळीच आलात."

"मी? मी आत्ता येतोय."

"हो सर, आत्ताही आलात. पण आधी सकाळी आलात. मॅडमही आल्यात. आपला नाश्ता झालाय."

"अहो," बायको हळूच म्हणाली, "कसला नाश्ता?"

मागच्या खोलीतून जुने मॅनेजर बाहेर आले. त्यांच्या छातीवर आता 'पाहुणा-प्रवास समन्वयक, पूर्वार्ध' अशी पट्टी होती. त्यांचेही थोरल्या कंपनीच्या मॅनेजरशी विलीनीकरण झाले होते आणि जेवणानंतर ते पद दुसऱ्याकडे जात असे. भिंगवाल्यांना पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्यांनी तो सावरला.

"मॅनेजरसाहेब, तुम्ही तरी सांगा या मुलीला. बावीस वर्षं ओळखता तुम्ही मला."

"ओळखतो ना, साहेब. पण माझ्या ओळखण्याला आता अर्थ नाही. ओळखण्याचं काम मुख्यालयाकडे गेलंय." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "अजून वीस मिनिटं मी आहे. तोपर्यंत किल्ली देतो. खोली तुमचीच आहे. फक्त तुम्ही आत आहात."

सातव्या मजल्यावरच्या खोलीत दंतखुर्चीवाले गृहस्थ पायजमा घालून बसले होते. त्यांच्या बायकोने अर्धे कपाट लावून घेतले होते. दोन्ही जोडपी एकमेकांकडे पाहत उभी राहिली.

"तुम्ही भिंगवाले का?" दंतखुर्चीवाले उठत म्हणाले. "या, या. पत्रात तुमचा उल्लेख होता. पण मला वाटलं, ते कागदोपत्री असेल."

"मलाही तसंच वाटलं."

दारावर टकटक झाली आणि चहा आला. कप एकच होता. भिंगवाले बिनसाखरेचा घेत आणि दंतखुर्चीवाले तीन चमचे, म्हणून चहात दीड चमचा साखर होती. पातळ आणि जाड उशीची सरासरी काढून मध्यम उशी ठेवली होती. दंतखुर्चीवाल्यांच्या नावावर एक्केचाळीस तक्रारी असल्याने, शून्य तक्रारींचे भिंगवाले आता साडेवीस तक्रारी केलेले गृहस्थ होते आणि वाढपी त्यांच्याशी जरा तुसडेपणाने बोलला. टेबलावरच्या कार्डावर छापले होते : 'हिरा पाहुणा, एक. सोबत पत्नी, एक.'

"एक म्हणजे कुठली?" भिंगवाल्यांच्या बायकोने विचारले.



दोघे पुरुष खाली गेले. जेवण झाले असल्याने आता समन्वयक, उत्तरार्ध, बसले होते. त्यांनी आस्थेने सगळे ऐकून घेतले. वेगळे होता येईल, ते म्हणाले, विभक्तीकरणाचा अर्ज आहे. मात्र त्यावर पाहुण्याची एकच सही लागेल आणि ती दोन्ही जुन्या सह्यांशी जुळली पाहिजे.

"समजा जुळली, तर?" भिंगवाल्यांनी विचारले.

"तर आपला हिरा रद्द होईल आणि आपण दोघंही आगंतुक व्हाल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"आठवड्याचाच तर प्रश्न आहे," दंतखुर्चीवाले म्हणाले.

"तसं बघितलं तर सहाच दिवस," भिंगवाले म्हणाले. "आजचा गेलाच."

त्या रात्री पलंग बायकांना मिळाला आणि हिरा पाहुणा सोफ्यावर उलटसुलट झोपला. सकाळी भिंगवाल्यांची बायको लवकर उठली. तिने दात घासले, तोंड पुसले आणि मुद्दाम जरा रेंगाळून बाहेर आली. अंथरूण होते तसेच होते. तिने बाहेरून जाणाऱ्या सफाईवाल्या बाईंना विचारले.

"हिऱ्याचं अंथरूण आम्ही नाही आवरत, ताई. आगंतुकांचं आवरतो," त्या म्हणाल्या. "वरून आलंय तसं. निष्ठावंत पाहुण्याला घरच्यासारखं वाटलं पाहिजे. स्वतःचं अंथरूण स्वतः आवरलं की तसं वाटतं म्हणे."

"घरच्यासारखं वाटायला मी घर सोडून आले होय?"

तिने एक चादर घडी करायला उचलली, अर्धी घडी केली आणि तशीच टाकून दिली. दंतखुर्चीवाल्यांच्या बायकोने आपले कपडे कपाटातून काढायला सुरुवात केली. नाश्त्याला एकच कूपन होते, ते दोघींनी पुरुषांसाठी टेबलावर ठेवले आणि बॅगा उचलून त्या रस्ता ओलांडून समोर गेल्या.

समोर आठ खोल्यांचा एक लॉज होता. तिथल्या मालकीणबाईंनी दोघींना बसवले, पाणी दिले, वहीत नावे लिहून घेतली आणि चहा कसा लागतो ते विचारले. वर गेल्यावर खिडकी उघडून दिली. "बाहेर जाणार असाल तर जा," त्या म्हणाल्या, "तोवर खोली आवरून ठेवते." भिंगवाल्यांची बायको बाहेर गेलीच नाही. खुर्चीत बसून तिने मालकीणबाईंना चादर झटकताना, कोपरे दुमडताना, उशीवर हात फिरवताना शेवटपर्यंत पाहिले. मग तिने नवऱ्याला फोन केला.

"अहो, या इकडे. छान आहे. शेजारची खोली रिकामी आहे, तुम्ही दोघंही या."

"अगं, मला यायचंय गं. पण सलग सात रात्री झाल्या नाहीत तर हिरा जाईल."

"जाऊ दे."

"बावीस वर्षं लागली मला."

"मलाही तेवढीच लागली," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

हिरा पाहुणा उरलेले दिवस त्या खोलीत राहिला. दोघांना एक असण्याची हळूहळू सवय झाली. एक जण नाश्ता करून येई आणि खिशातून दुसऱ्यासाठी पाव आणी. पोहण्याच्या तलावाचा टॉवेल एकच असल्याने एक पोहत असताना दुसरा काठावर चालत असे. स्वागतकक्षासमोरून जाताना ते एकामागे एक, पाऊल जुळवून जात, म्हणजे कॅमेऱ्यात घोळ होत नसे. आपल्या हिरेपणाचे फायदे कोणते, हे त्यांनी एकदा माहितीपत्रकात शोधले. उशिरा खोली सोडायची सवलत होती, पण ती मागायला त्यांना धीर झाला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी भिंगवाले खिडकीशी उभे होते. समोरच्या गच्चीत दोन्ही बायका आणि मालकीणबाई पत्ते खेळत होत्या. त्यांची बायको मान मागे टाकून हसत होती. काचेतून हसण्याचा आवाज येत नव्हता. ती अशी हसते हे आपल्याला ठाऊक होते का, हे ते आठवू लागले. त्यांनी फोन केला. तिने पाहिला आणि पालथा ठेवून पत्ता टाकला.

"आपण फिरतीवर असायचो तेव्हा यांच्या संध्याकाळी कशा जात असतील हो?" दंतखुर्चीवाल्यांनी मागून विचारले.

भिंगवाल्यांनी बूट घातले, लिफ्टने खाली आले, काचेच्या दारापर्यंत गेले. रस्ता रिकामा होता. ओलांडायला वीस पावले पुरली असती. दारावर पाटी होती : 'हिरा पाहुणा म्हणून आपला आणखी चार रात्री सहवास लाभेल, याचा आनंद आहे.' ती त्यांनी दोनदा वाचली. मग ते वर आले आणि बूट काढले.

आठव्या दिवशी सकाळी दोघे बॅगा घेऊन लिफ्टमध्ये शिरले तेव्हा भिंगवाल्यांच्या फोनवर प्रश्न आला : 'आपला मुक्काम कसा झाला?' खाली पाच रिकामे तारे होते. भिंगवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तक्रार करायचे ठरवले आणि पहिल्या ताऱ्यावर बोट ठेवले.

"थांबा," दंतखुर्चीवाले म्हणाले. "मी केल्यात तक्रारी, मला माहितीये. चारपेक्षा कमी दिलं तर कारण विचारतात."

"सांगू की कारण."

"किमान पन्नास शब्दांत."

भिंगवाल्यांनी वर पाहिले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती. काचेच्या दाराबाहेर रिक्षात बायका बसलेल्या असणार, आणि आता उशीर झाला तर त्यावरही बोलणी बसणार. पहिला मजला आला. त्यांनी पाचही तारे भरले आणि फोन खिशात टाकला.

ते तारे दुपारपर्यंत हॉटेलच्या नावासमोर झळकू लागले. मागच्या सुट्टीत कुठे उतरावे हे ठरत नव्हते तेव्हा तुम्ही जे तारे बघून तिथली खोली घेतलीत, त्यात हेही होते. आणि निघताना, पंखा अख्खी रात्र खडखडत होता हे बायकोला सांगत सांगतच, तुम्हीही पाच दिलेत.