क्लोरीनवाल्याची क्रूझ

"बोटीवर काय पन इकडचं तिकडं झालं ना, तर कॅप्टनच्या पयले मला कळेल!"

असं धाकलूने ओटीवर बसून भर चारचौघांत जाहीर केलं, तेव्हा त्याचा बोटीचा अनुभव म्हणजे फक्त एकदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना उलटी केलेली, तेवढाच होता. पण त्याचा अधिकार बोटीवर नव्हताच मुळी, तो संकटावर होता! मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत त्याने एकतीस वर्षं क्लोरीनच्या प्लांटवर काढली होती आणि शेवटची बारा वर्षं तो सेफ्टी कमिटीवर होता. भोंगा झाला की ओला रुमाल नाकाला लावायचा, वाऱ्याला आडवं चालायचं, ठरलेल्या जागी जमून माणसं मोजायची आणि 'ऑल क्लिअर'चा लांब भोंगा होईस्तोवर जागचं हलायचं नाही. हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं की गावात कुल्फीवाल्याने भोंगा वाजवला तरी हा गडी आधी वारा कुठला आहे ते बघायचा.

तर असा हा धाकलू रिटायर झाला आणि त्याच्या मुलाने, जितेशने, आईबापाला क्रूझची तिकिटं काढून दिली. शुक्रवारी दुपारी मुंबईहून निघायचं, शनिवारी दिवसभर समुद्रात फिरायचं आणि रविवारी सकाळी परत. जितेशने मोबाइलवर बोटीवरचे नाच, जादूचे खेळ, चोवीस तास जेवण, सगळं दाखवलं. धाकलूची बायको सुंदरा सगळं बघून म्हणाली, "ह्यातलं मला काय नको."

"मंग काय पायजे तुला?" धाकलूने विचारलं.

"आपल्याकडं सूर्य डोंगरामागं जातो. मावळताना कदी दिसतच नाय. मला तो पाण्यात बुडताना बघायचाय. आन् तुमी बाजूला बसलेले पायजे."

"एवडंच?"

"एवडंच. एकतीस वर्सात सांच्याला तुमी घरी किती वेळा होतात, सांगा बरं?"

धाकलूने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो सांगितला नाही. सेकंड शिफ्ट, ओव्हरटाइम, कुणी दांडी मारली की त्याच्या जागी हा. आणि घरी असला तरी कंपनीतून फोन आला की शर्टाची बटणं लावत निघालाच. त्याने सुंदराच्या समोर छातीवर हात ठेवला. "दोन दिवस कंपनीचं नाव काडनार नाय. दोन्ही दिवस सांजचं तुझ्या बाजूला बसनार. शब्द हाय माझा!"

निघायच्या आदल्या दिवशी सुंदराने त्याच्या बॅगेतून एक टॉर्च, एक शिट्टी आणि दोन मास्क बाहेर काढले. त्याने शिट्टी पुन्हा आत टाकली. माणसाने थोडं तरी सावध असावं, नाही का?

बोट बघून दोघांचेही डोळे विस्फारले. मोहोपाड्याची अख्खी स्टाफ कॉलनी उचलून पाण्यात ठेवावी तसा प्रकार! अकरा मजले, लिफ्ट, दुकानं, वर पोहायचा तलाव. आणि दारातच पांढऱ्या गणवेशातला एक तरणा अधिकारी सगळ्यांना हात जोडत होता. त्याच्या छातीवर नाव होतं अजेय, आणि हुद्दा होता सुरक्षा अधिकारी. धाकलूने विचारलंच, "कुठले तुमी?"

"कर्जतचा, काका. दहिवलीचा."

झालं! आपल्या गावाशेजारच्या कर्जतचा पोरगा, आणि तोही सेफ्टीत! त्या क्षणापासून धाकलूला ती बोट घरचीच वाटू लागली. सुंदराने मात्र त्याच क्षणी त्याला दंडाला धरून पुढे ओढलं, आणि बोट तर अजून हललीही नव्हती.

पाच वाजता भोंगा झाला. सात छोटे, एक लांब. धाकलू खुर्चीतून असा उठला जणू त्याला त्याच्या बापाने हाक मारली. "अवो, कुटं निघाले? ही नुसती शिकवनी हाय, मगाशी सांगितलं ना त्यांनी," सुंदरा म्हणाली.

"शिकवनीच मन लावून करायची असते!"

ठरलेल्या जागी सगळे प्रवासी जमले. त्यात जळगावच्या एका भिशी मंडळाच्या बावीस बायका होत्या. त्यांच्या पुढारी हर्षलाताई नारिंगी जॅकेट साडीवर कसं घालावं याच्या पेचात होत्या. धाकलूने त्यांना पट्टे कसे ओढायचे ते दाखवलं, शिट्टी फुंकून रांग लावली आणि दोनदा मोजणी केली. बोटीवरच्या पोरांनी दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं आणि म्हणाले, "धन्यवाद, आता जाऊ शकता."

लोक पांगायला लागले. धाकलू गरजला, "थांबा! ऑल क्लिअर कुटं झालं?"

"म्हणजे काय हो, भाऊ?" हर्षलाताईंनी विचारलं.

"लांब भोंगा. तो झाल्याबिगर जागा सोडायची नाय. आमच्याकडं एकदा एकजण सोडून गेला होता…" धाकलू एवढंच बोलला आणि गंभीरपणे मान हलवली. खरं तर तो माणूस कँटीनमध्ये गेला होता आणि त्याला मेमो मिळाला होता. पण धाकलूने मान अशी हलवली की बावीस बायका जागच्या जागी थिजल्या!

बोटीवरच्या पोरांनी तासभर विनवण्या केल्या. धाकलू हलेना, म्हणून बायका हलेनात. सुंदरा जॅकेटमध्ये अडकून उभी होती आणि आकाश तांबूस होत चाललं होतं. ही जागा बोटीच्या डाव्या अंगाला, आणि सूर्य उजव्या अंगाला.

"अवो, तो चालला," ती हळूच म्हणाली.

"कोन?"

"सूर्य!"

"पाच मिंटं. भोंगा होईलच."

भोंगा झाला, चांगला लांबलचक झाला. पण तो ऑल क्लिअरचा नव्हता, समोरून आलेल्या दुसऱ्या बोटीला रामराम केल्याचा होता. धाकलूला काय त्याचं! त्याने समाधानाने शिट्टी फुंकली, "चला, सुटली!" बावीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुंदरा धावत उजव्या बाजूला गेली तेव्हा पाण्यावर नुसती करड्या उजेडाची पट्टी उरली होती. तिने जॅकेट उतरवून घडी घालून ठेवलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं धाकलूला जेवताना वाटलं, आणि चोवीस तास मिळणाऱ्या त्या जेवणातला एकही घास त्याला गोड लागला नाही.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या बोट बुडाली तरी मी तुझ्या बाजूनं उठनार नाय."

शनिवारी तो खरोखर शहाण्यासारखा वागला. अजेय दोनदा समोरून गेला, तरी धाकलूने त्याला आग विझवायच्या नळकांड्यांबद्दल एकच प्रश्न विचारला. सुंदराने सगळ्यात वरच्या डेकवर साडेचारलाच दोन खुर्च्या धरल्या, अगदी कठड्याला लागून. तिने मोरपंखी साडी नेसली होती, जी तिने जितेशच्या लग्नानंतर बाहेर काढली नव्हती. धाकलू बाजूला बसला. एक तास बसला! सूर्य खाली यायला लागला, पाणी चकाकायला लागलं आणि सुंदराच्या चेहऱ्यावर असं काही आलं की धाकलूला वाटलं, हिला आत्ता चहा मिळायला पाहिजे.

"नको, बसा," ती म्हणाली.

"दोन मिंटांत आलो गं. अजून पाऊन तास हाय त्याला."

चहाचा ठेला खालच्या डेकवर होता. वाटेत पोहायचा तलाव. धाकलू दोन कप घेऊन वळला आणि जागीच थबकला. त्याच्या नाकात काहीतरी शिरलं. एकतीस वर्षांचं तयार नाक ते! त्याला बायकोच्या वाढदिवसाची तारीख सांगता आली नसती, पण हा वास त्याने झोपेतही ओळखला असता.

क्लोरीन!

त्याने कप खाली ठेवले, खिशातला रुमाल काढला आणि शेजारी बसलेल्या एका गृहस्थांच्या लिंबू सरबतात बुडवून नाकाला लावला.

"अहो, काय करताय!" ते गृहस्थ ओरडले.

"गॅस हाय! उठा! वरती चला, हा जड असतो, खाली बसतो! वाऱ्याला आडवं चाला!"

त्याने शिट्टी फुंकली. एरवी कुणी लक्ष दिलं नसतं, पण तलावाकाठी भिशी मंडळ बसलं होतं. कालचा तो भाऊ! कालचा तो अनुभवी माणूस! हर्षलाताईंनी हातातली भजी टाकली, पदर पाण्यात बुडवला आणि हाक दिली, "मैत्रिणींनो, रांग!" बावीस बायका नाकाला ओला पदर लावून जिन्याकडे धावल्या म्हटल्यावर बाकीचे कशाला बसतात? तलावातली पोरं बाहेर, त्यांचे बाप टॉवेलावर, जादूगार आपलं कबूतर बगलेत मारून पुढे. पुढच्या डेकवर बातमी पोचली की गॅस सुटलाय. त्याच्या खालच्या डेकवर पोचली की आग लागलीय. जेवणाच्या हॉलमध्ये पोचेपर्यंत बोटीला भोक पडलं होतं! एक आजोबा वाटीतला गुलाबजाम घेऊनच जॅकेट शोधायला लागले.

आणि धाकलूने भिंतीवरच्या लाल पेटीची काच कोपराने फोडली.

मग जो भोंगा झाला, तो सगळ्या बोटीभर झाला, आणि बोटीवरची पोरं सगळ्यांना खाली ठरलेल्या जागी न्यायला लागली.

दहा मिनिटांनी अजेय त्याला दंडाला धरून खाली घेऊन गेला. बोटीच्या पोटात कुठेतरी एक लहानशी खोली होती, एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकी नाही.

"काका," अजेय घाम पुसत म्हणाला, "तो स्विमिंग पूल आहे. त्यात क्लोरीन टाकतातच. आत्ताच पोरांनी टाकलं होतं, नेहमीइतकंच."

धाकलूच्या नाकावरचा रुमाल हळूहळू खाली आला. त्यातून सरबत ठिबकत होतं. ज्याच्यापासून एकतीस वर्षं त्याने माणसं लांब पळवली, त्यात लोक सुट्टी काढून हौसेने डुंबत होते! हे त्याला माहीत नव्हतं असं नाही हो. पण नाकाने डोक्याला विचारलंच नव्हतं.

"चूक झाली, बाबा," तो म्हणाला.

"जाऊ द्या. तुम्ही वाईट हेतूने केलं नाही, मी वर तसं सांगतो. इथे फक्त दोन ओळी लिहा, सही करा आणि वर जा. काकू एकट्या असतील. अजून वीस मिनिटं आहेत सूर्यास्ताला."

वीस मिनिटं! वाचकहो, इथे कुठलाही शहाणा माणूस सही करून धावत सुटला असता. धाकलूने कागद हातात घेतला. कागदावर दोनच ओळींची जागा होती, आणि त्याच्यातला सेफ्टी कमिटीचा मेंबर दुखावला. चूक झाली ती नाकाची, पण नंतरची कारवाई तर अगदी पद्धतशीर झाली होती! ते कुठे नोंदवणार?

"असं नाय चालत," तो म्हणाला. "घटना काय, वेळ काय, वारा कुठला, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हनून काय करायचं, सगळं यायला पायजे. अजून दोन कागद द्या."

"काका, खरंच गरज नाहीये."

"तुमी कर्जतचे ना? मंग काम नीट करू द्या."

अजेयने कपाळावर हात मारला आणि कागद दिले. धाकलूने तिसऱ्या पानावर 'उपाय' या शब्दाखाली रेघ मारून 'पूलजवळ वारा दाखवणारी पिशवी लावणे' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि वेळ घालण्यासाठी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं कधीच उलटून गेली होती.

तो धावला. लिफ्ट गर्दीने भरलेली, म्हणून जिन्याने धावला. साठीचा माणूस नऊ जिने चढला, वाटेत दोन कप चहाही घेतला, कारण चहाशिवाय कुठल्या तोंडाने जाणार! वर पोचला तेव्हा आकाश जांभळं झालं होतं. अख्खा डेक रिकामा होता. कठड्याला लागून दोन खुर्च्या, एकीत सुंदरा, दुसरीवर तिची पर्स.

"तू खाली नाय गेलीस?" त्याने धापा टाकत विचारलं. "सगळ्यांना खाली नेलं ना?"

"एक पोरगा आला होता बोलवायला. मी म्हटलं, मानूस चहा आनायला गेलाय, तो आला की येते."

"आन् भ्यायली नाय? भोंगा झाला, आरडाओरडा झाला…"

"त्यात तुमचा आवाज आयकला," सुंदरा म्हणाली. "म्हटलं, काय झालेलं नाय."

धाकलूने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसला. समुद्र काळा होत चालला होता. मग त्याने विचारलं, "कसा होता?"

"मोठा होता. पयले हळूहळू गेला, मंग एकदम गेला. शेवटी शेवटी मी पापनी पन नाय लववली." ती थोडी थांबली. "इथं कोनीच नव्हतं. सगळा मला एकटीलाच दिसला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. धाकलूला त्या क्षणी समुद्रात उडी मारावीशी वाटली, पण मग पुन्हा भोंगा झाला असता. चहा दोघांनी तसाच, गार झाल्यावर प्यायला.

रविवारी दुपारी ते गावी पोचले आणि संध्याकाळी शेजारची सोमी क्रूझ ऐकायला ओटीवर येऊन बसली. सुंदराने तिला सगळं सांगितलं. लिफ्ट, जेवण, जादूगाराचं कबूतर. मग मोबाइल काढून तो फोटो दाखवला, बोलवायला आलेल्या त्या पोराकडूनच तिने काढून घेतलेला. लाल समुद्र, मोरपंखी साडी, आणि शेजारी पर्स ठेवलेली खुर्ची.

"अगो बाई, काय झ्याक आलाय!" सोमी म्हणाली. "आन् भावजी कुटं हायत ह्यात?"

आत चपला ठेवत असलेला धाकलू दाराआड थांबला.

"ते व्हय?" सुंदरा म्हणाली. "ते ड्युटीवर होते."

सोमीला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तिने मान डोलावली आणि पुढचा फोटो काढला.