झुलाबाईचं तोंड आणि फणसाचा भाव

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. नदी होती, करवंदं होती, आणि वडाखाली पानांचा बाजारही होता.

पानांचा बाजार म्हणजे काय? सोपं आहे. एक पान म्हणजे त्या झाडाच्या फळांतला एक वाटा. आंब्याचं पान असलं की आंब्यात वाटा, जांभळाचं असलं की जांभळात. पान खरं की खोटं हे कळावं म्हणून कावळा त्याला चोचीने भोक पाडायचा. कावळा हा बाजाराचा दलाल. पान घ्या किंवा विका, त्याला मूठभर आठळ्या द्यायच्या. आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया. पावसाळ्यात जंगलात सगळे त्याच खाऊन राहायचे.

बाजाराची एक रीत होती. विकणाऱ्यांनी वडाच्या या बाजूला बसायचं, घेणाऱ्यांनी त्या बाजूला. मधे वडाचा हा एवढा बुंधा. कोण कुणाला विकतंय ते दिसायचं नाही. म्हणजे संध्याकाळी नदीवर भेट झाली तरी कुणाला लाजायला नको.

तर या जंगलात झुलाबाई नावाची एक शेकरू राहायची. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, लांब शेपटीची खार. झुलाबाईच्या घरात नवरा गोंडोपंत, तीन पिल्लं, आणि ढोलीत पावसाळ्यापुरत्या आठळ्या. त्यातल्या निम्म्या देऊन तिने फणसाची पानं घेतली होती. साळिंदरवहिनीने घेतली, मग आपण का मागे राहायचं? ती तुमच्या ओळखीच्या कुणा चाळिशीतल्या बाईसारखी वाटली, तर त्या बाईला सांगू नका. तिला माहीत आहे.

आता गंमत ऐका. झुलाबाईचं घर त्याच फणसावर होतं. फणस लगडलेला होता. रात्री कूस बदलली की पाठीला फणसाचे काटे लागायचे. पण फणसाचं कसं काय चाललंय ते बघायला झुलाबाई रोज सकाळी पळत पळत वडाखाली जायची.

एका सकाळी तिचं पोट दुखत होतं. आदल्या दिवशी तिने गरे जरा जास्तच खाल्ले होते. तरी ती बाजारात गेली. तोंड कसनुसं करून बसली.

साळिंदरवहिनीने बघितलं. "काय हो झुलाबाई, चेहरा का असा?"

"काही नाही हो वहिनी. फणसाचं जरा..." झुलाबाई म्हणाली आणि पोटात कळ आली म्हणून गप्प बसली.

वहिनीचे काटे उभे राहिले. ही फणसावरच राहते, आणि म्हणते फणसाचं जरा! वहिनी तडक कावळ्याकडे गेली. "माझी पानं काढून टाक बाबा. आत्ताच्या आत्ता."

"फणस उतरला!" कावळा वरून ओरडला.

झुलाबाईने ऐकलं. तिचं तोंड आणखी उतरलं.

ते सगळ्यांनी बघितलं. माकडाने विकलं. भेकराने विकलं.

"फणस आणखी उतरला!"

झुलाबाईला घाम फुटला. शेजारी कासवअण्णा डोळे मिटून बसले होते. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळचं हिरड्याचं पान होतं.

"अण्णा, काय करू हो? ठेवू की विकू?"

"ठेव," अण्णा म्हणाले. "मी ठेवलंय."

"आणि हिरडा कसा आहे तुमचा?"

"तो मागेच पडला गं, वादळात. पण पान अजून छान आहे."

झुलाबाई उठली, बसली, परत उठली. पिल्लं डोळ्यांसमोर आली. पावसाळा तोंडावर आला होता. पानांचा पाचोळा झाला तर पोरांनी खायचं काय? आणि गोंडोपंतांना तोंड कसं दाखवायचं? शेवटी तिने डोळे घट्ट मिटले, सगळी पानं कावळ्यापुढे टाकली आणि म्हणाली, "वीक! मिळेल त्यात वीक!"

कावळा बुंध्यापलीकडे उडाला. थोड्या वेळाने आठळ्या घेऊन आला, मूठभर आपल्या काढून घेतल्या आणि उरलेल्या तिच्या पदरात टाकल्या. दिल्या होत्या त्याहून कमीच मिळाल्या. पण मिळाल्या! झुलाबाईचं पोट दुखायचंही एकदम थांबलं.

ती उड्या मारत घरी आली. आठळ्या ठेवायला ढोलीत हात घातला, तर ढोली रिकामी! उरलेल्या निम्म्या आठळ्या गायब!

"अहो! चोरी झाली हो!" तिने फांदी डोक्यावर घेतली.

"चोरी नाही गं," मागून गोंडोपंत आले. शेपटी अशी फुललेली, जसा काही सत्कार झालाय. काखेत पानांची जुडी. "तुला चकित करायचं होतं. बाजारात फणस मातीमोल झालाय, कानावर आलं. म्हटलं, स्वस्त मिळतंय तर सोडा कशाला? होत्या तेवढ्या आठळ्या नेल्या आणि कोण एक घाबरट विकत होता त्याची सगळी पानं उचलली!"

झुलाबाईने पानांकडे बघितलं. मग आपल्या पदरातल्या आठळ्यांकडे बघितलं. वरचीच आठळी एका कडेने कुरतडलेली होती. ते दात तिच्या ठमीचे होते. मधल्या पिल्लाचे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तो घाबरट म्हणजे मी."

गोंडोपंतांनी काखेतली जुडी काढून उलटसुलट बघितली. खालच्या फांदीवर पिल्लं कुजबुजत होती.

मग गोंडोपंतांचा चेहरा उजळला. "म्हणजे मी तळाला घेतलं!"

"आणि मी आणखी पडायच्या आत विकलं!" झुलाबाई म्हणाली.

"वा!"

"वा!"

दोघांनी शेपटीत शेपटी अडकवून फांदीवर फेर धरला. घरात एकाच दिवशी दोघं जिंकले होते. पानं घरात, आठळ्याही घरात. फक्त आठळ्यांची रास कालच्यापेक्षा जराशी बुटकी दिसत होती. नाचताना कोण एवढं बघतं? तिकडे वडावर कावळ्याला ढेकर आला.

दुसऱ्या दिवशी झुलाबाई बाजारात गेली ती हसत हसत. साळिंदरवहिनीने बघितलं. ही फणसावर राहते आणि हसते!

"फणस चढला!" कावळा ओरडला.

झुलाबाईच्या काळजात धस्स झालं. अरे देवा, काल विकायला नको होतं! फणस आणखी चढायच्या आत पानं घ्यावीत म्हणून ती उरल्यासुरल्या आठळ्या आणायला घरी धावली, आणि आली ती थेट घेणाऱ्यांच्या बाजूला. घाईत गोंडोपंतांना विचारायचं राहिलं. ते घरी नव्हतेच. ते काखेत जुडी घेऊन बुंध्याच्या अलीकडे बसले होते, चढलाय तोवर विकावं म्हणून.

कावळा इकडून तिकडे उडाला. तिकडून इकडे उडाला.

आणि फणस? त्याला बाजाराचं काही कुणी कळवलंच नव्हतं. भरदुपारी त्याने एक पिकलेला फणस धप्पकन खाली टाकला. तिन्ही पिल्लांनी तो फोडला आणि कोपरापर्यंत चीक लागेस्तोवर गरे खाल्ले. आठळ्या तेवढ्या ढोलीत नेऊन टाकल्या. ढोली परत भरली.

संध्याकाळी झुलाबाईने ढोलीत हात घातला आणि हरखली. "बघा हो," ती गोंडोपंतांना म्हणाली, "बाजार कळायला लागला की असं असतं!"

तात्पर्य: शेअर ठेवावा, घ्यावा की विकावा, याचा फार विचार करू नये. घरातल्या एकाने घ्यावा आणि दुसऱ्याने विकावा, म्हणजे कुणीतरी एक हमखास शहाणं ठरतं. आणि बाळांनो, मोठेपणी कोण होणार असं कुणी विचारलं, तर बेधडक सांगा, कावळा.