शकूताईंचे नवरे

शकूताईंना काही महत्त्वाचं बोलायचं असलं, की त्या उठून पंख्याखाली उभ्या राहतात. दौंडच्या त्यांच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा चहात साखर किती हेही त्यांनी पंख्याखालून विचारलं, तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडं करून. कारण साधं आहे. जत्रेच्या नाटकात माईक एकच, तो स्टेजच्या मधोमध टांगलेला. ज्याला बोलायचंय त्यानं त्याच्याखाली यायचं. मरणाऱ्यानंही तिथंच येऊन मरायचं.

गावोगावची हौशी मंडळी जत्रेला नाटक बसवायची. पुरुषांची कामं गावातले गडी करत. बाईचं काम गावातल्या बाईनं केलेलं चालत नसे, तिथं संस्कृती आडवी यायची. मग नटी बाहेरून आणायची. शिरूर-दौंड पट्ट्यात शकूताई अशा आयुष्यभर आणल्या गेल्या. सोसायटीचा चेअरमन, डेअरीचा सेक्रेटरी, मेंढरं विकून नुकताच बागायतदार झालेला कुणी, सगळ्यांच्या त्या नाटकापुरत्या बायको. "आमचं वरवंडचं मालक", "आमचं पाबळचं मालक" असं त्या आजही बिनदिक्कत म्हणतात. "लई नवरं केलं पोरी, पण एकाचंबी धोतर धुतलं न्हाई."

आणि ही बाई साडी बदलायची कुठं? स्टेजमागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड. संडासला जायची कुठं? ज्वारीत. मी आमच्या संघटनेतर्फे यावर पत्रक काढलं : 'स्टेजला कमान, कलावतीला आडोसा नाही! धिक्कार!' शकूताईंनी ते पंख्याखाली वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, धिक्काराच्या आधी जरा थांबायला पायजे, पब्लिकला खोकायला वेळ द्यावा.

आमची मागणी एवढीच होती. दौंड तालुक्यातल्या राहूकडच्या एका गावात स्टेजमागं पक्की खोली आणि संडास. पंचायत बांधायला तयार होती. पण स्टेजमागची जागा हौसाबाईंची, आणि हौसाबाई दोनदा नाही म्हणाल्या होत्या. त्यांचे वारलेले मालक, तात्या, गावच्या नाटकात वर्षानुवर्षं हिरो. हिरॉईन शकूताई. तिसऱ्या वेळी मी शकूताईंनाच बरोबर घेऊन गेले. हा डावपेच चुकलाय, हे ओट्यावर बसल्यावर कळलं.

हौसाबाईंनी पाणी दिलं. पत्रक हातात घेतलं नाही. शकूताईंकडं बघून म्हणाल्या, "आमचं मालक तुला स्टेजवर म्हणायचं, तुझ्याबिगर घर घर वाटत न्हाई. मी म्होरं बसून ऐकायची. घरी कवा 'जेवलीस का' म्हणलं न्हाई मला. ते खरंच तुला म्हणायचं का गं?"

मी घाईघाईनं संडासाचा विषय काढला. कुणी लक्ष दिलं नाही.

"माझ्याकडं बघतच नव्हतं ते," शकूताई म्हणाल्या. "बायकांच्या रांगंकडं बघून म्हणायचं. एकदा मी वसकले, अवो मालक, हिकडं बघा की. तर मला म्हणलं, ती तिकडं बसलीया, मग मी कुणाला सांगू?"

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, लिंबाचं झाड तेवढं तोडायचं नाही, बाकी जागा घ्या.

फाट्यावर एसटीची वाट बघताना मी विचारलं, तात्या खरंच असं म्हणाले होते का.

"छ्या. फोकस डोळ्यात, त्याला रांग कुठली दिसती? खाली प्रॉम्प्टर बसायचा, त्याच्याकडं बघायचा."

मी म्हणाले, ही फसवणूक आहे. चळवळ सत्यावर उभी असते.

शकूताई रस्त्याकडं बघत होत्या. "इतकं नवरं झालं, पण असलं वाक्य म्हणताना माझ्याकडं एकानं बघितलं न्हाई. कुणाला वाक्य इसरायचं भ्या, कुणाला म्होरं बसलेल्या बायकूचं. कुणालाच न लागता वाक्य हवंत जायचं. म्हणलं, एकीला तरी मिळू दे."

मी त्यांच्याकडं बघत राहिले.

"काय बघतीस?" त्या म्हणाल्या. "वाक्य इसरलीस व्हय?"