भावी सुपरवायझर हर्षालीताई

हर्षालीने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. त्यातली बाई सांगत होती, की हल्ली नोकरी आपण शोधायची नसते, नोकरीने आपल्याला शोधायचं असतं. हर्षाली भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. तिचे सासरे धाऊ चहाची वाट बघत तिथेच बसले होते, त्यामुळे तेही ऐकत होते.

"काय विकते गो ही?" त्यांनी विचारलं.

"विकत नाही बाबा. पर्सनल ब्रँडिंग शिकवते."

"म्हंजे?"

हर्षाली शहापुरातल्या एका लहानशा प्रयोगशाळेत पाणी तपासायची. कोणतीही गोष्ट अर्धवट सांगणं तिला जमत नसे. तिने गॅस बारीक केला आणि नीट समजावलं. "आपण कोण, काय काम करतो, कसं करतो, हे लोकांसमोर ठेवायचं. चांगला फोटो लावायचा. मोठ्या माणसांशी आपली ओळख आहे हे दिसायला हवं. चार लोक आपल्याबद्दल चांगलं बोलतायत, हेही दिसायला हवं. म्हणजे नोकरी देणाऱ्याला आपण आधीच माहीत असतो."

धाऊंनी रिकामा कप पुढे सरकवला. "मग त्यात नवीन काय हाय? आपल्याकडं पयल्यापासून करतात हे."

मुरबाडच्या एका फळांच्या रसाच्या कारखान्यात लॅब सुपरवायझरची जागा निघाली होती. जागा कायमची होती, आणि शेखरचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, गोदामातलं काम सुटल्यापासून शेणवे गावातल्या त्या घरात कायमचं असं काहीच उरलं नव्हतं. सोमवारी मुलाखत होती. तोवर शहापुरात कोणाला कळू द्यायचं नव्हतं. प्रयोगशाळेचे मालक आदेश सर मनाने वाईट नव्हते, पण मागे प्रज्वल नावाचा मुलगा दुसरीकडे अर्ज करतोय हे कानावर येताच त्यांनी त्याला त्याच दुपारी डबा घेऊन घरी पाठवलं होतं.

हर्षालीने आपल्या परीने ब्रँडिंग केलंही होतं. मैत्रिणीचा कोट घालून शहापूरच्या स्टुडिओत फोटो काढला होता. इंटरनेटवर स्वतःची माहिती लिहिली होती: ध्येयवेडी, परिणामकेंद्रित, संघभावनेने काम करणारी. नंतर वाचून पाहिल्यावर तिला वाटलं, की यातलं एकही विधान तपासून बघता येण्यासारखं नाही. पण सगळेच तसं लिहीत होते.

"बाबा, उद्या शहापूरला जाताय ना? तेवढे स्टुडिओतून माझे फोटो आणा," ती म्हणाली.

स्टुडिओवाला बॅनरही छापून द्यायचा, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी जीपमधून कामाला जाताना सापगावच्या नाक्यावर तिला ती स्वतःच दिसली. कोटातली, हात जोडलेली. हात तिने जोडले नव्हते, ते स्टुडिओवाल्याने कुठूनतरी आणून जोडले होते. वर ठळक अक्षरं: 'भावी लॅब सुपरवायझर हर्षालीताई.' डोक्यावर एका गोलात, कारखान्याच्या वेबसाइटवरून उचललेल्या फोटोत, मुरबाडला मुलाखत घेणारे जगदीश सबनीस, खाली 'मार्गदर्शक'. पायाशी शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत, शेवटून दुसरे, आदेश सर प्रसन्नपणे हसत होते. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाचा बॅनरही त्याच स्टुडिओने केला होता.

मधे बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं, पण जीप थांबली नाही.

"ताई, आता आमाला वळख द्याल ना?" ड्रायव्हर आरशातून म्हणाला.

तिने उतरल्या उतरल्या घरी फोन लावला. "बाबा! हे काय केलंत?"

"कसा झालाय? रंग जरा भडक वाटतो का?"

"मला अजून नोकरी मिळालेली नाही!"

"म्हणून तर भावी लिवलंय. झालीस असं कुठं लिवलं? खोटं आपण लिवत नाय."

"आणि आदेश सरांचा फोटो?"

"साहेब हाय तुझा. त्याला वगळून कसं चालंल? मान नको?"

"आणि सबनीस सर? बाबा, मी त्यांना अजून भेटलेसुद्धा नाही!"

"तर काय त्यांना खाली टाकू? मामाच्या बाजूला?"

हर्षालीने डोळे मिटले. "बाबा, तो बॅनर आत्ताच्या आत्ता उतरवा."

"बरं, उतरवतो." धाऊ म्हणाले. "आणि मुरबाडचा?"

"मुरबाडचा कुठला?"

"कंपनीच्या गेटासमोर लावलाय तो. सापगावात लावून काय गो, तुझा मतदारसंघ तर तिकडं ना?"

प्रयोगशाळेत आदेश सर खुर्चीत बसून मोबाइलकडे बघत होते. त्यांनी तिला समोर बोलावलं. हर्षालीने डबा पिशवीतून काढलाच नाही.

"मी तुमचा शुभेच्छुक आहे," ते म्हणाले, "हे मला आज दूधवाल्याने सांगितलं."

"सर, मी सांगणारच होते..."

"सकाळपासून फोन येतायत. साहेब, तुमची पोरगी पुढे चालली, तुमचं मन मोठं. आमच्या सौ.ला शेजारणीने पेढे मागितले." त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "मला एकच सांगा. हा फेटेवाला कोण?"

"शेखरचे मामा."

"काय करतात?"

"काही नाही, सर. मामा आहेत."

"ते पहिले. आणि मी शेवटून दुसरा." सरांनी मोबाइल पालथा ठेवला. "आता तुम्हाला काढलं, तर लोक म्हणतील बॅनरवर दात काढतो आणि आत नोकरीवरून काढतो. सोमवारची रजा लिहा. आणि तिकडे विचारलं तर सांगा, आमच्याकडची कामं नीट करून निघाले म्हणून. नमुने उरवून जाऊ नका."

घरी वेगळाच गोंधळ होता. सासूबाई, म्हणजे सकुबाई, नवऱ्याशी बोलत नव्हत्या. म्हणजे हर्षालीमार्फत बोलत होत्या.

"विचार यांना, मामा हाय, आत्या हाय, आत्याचा जावईसुद्दा हाय. रोज हिचा डबा भरते ती मी कुठं हाय?"

"तिला सांग," धाऊ म्हणाले, "तिचा एकच फोटो घरात, तो आधार कार्डावरचा. तो टाकला असता तर लोकांनी शुभेच्छा समजल्या नसत्या, धमकी समजली असती."

सकुबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड उरकलं.

सापगावचा बॅनर शनिवारीच उतरला. रविवारी धाऊ आणि शेखर मोटारसायकलने मुरबाडला गेले आणि तसेच परत आले. गेटावरच्या वॉचमनने बॅनरला हात लावू दिला नव्हता. "त्यावर आमच्या साहेबांचा फोटो हाय. साहेबांच्या परवानगीबिगर उतरवता येणार नाय." उलट त्याने सबनीसांच्या गोलाला झेंडूचा हार घातला होता.

"उद्या मी येतो तुझ्यासंगं," धाऊ म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता. "साहेबांची परवानगी काढतो. माफी पण मागतो. तुझं काम माझ्यापायी बिघडलं तर..."

हर्षालीला चिडायचं होतं, पण आता ते जमेना. तिने त्यांना पाणी दिलं.

सोमवारी धाऊ गेटाशी थांबले आणि ती आत गेली. जगदीश सबनीस पन्नाशीचे, नीटनेटके गृहस्थ होते. त्यांच्या खिडकीतून त्यांचाच दरवाजाएवढा चेहरा हारासकट दिसत होता.

"ते मी आहे," सबनीस म्हणाले.

"हो, सर."

"मी तुमचा मार्गदर्शक आहे?"

"नाही, सर. माझ्या सासऱ्यांनी लावलाय. मला माहीत नव्हतं. खरंच सॉरी."

"मधला मजकूर कोणाचा?"

"तो मी अजून वाचलेला नाही, सर."

सबनीस खिडकीशी गेले, चष्मा वर केला आणि मोबाइलवर बॅनरचा फोटो मोठा करून वाचू लागले. "'घाण पाण्याला चांगलं म्हणत नाही, कोणी कितीही सांगो. रिपोर्टमध्ये शंका आली तर परत तपासते, म्हणून घरी उशिरा येते. उशिरा आली तरी घरात आदळआपट करीत नाही. चहा मात्र पातळ करते.'"

ते वळले तेव्हा हर्षाली मान खाली घालून फाइलची दोरी सोडत होती आणि पुन्हा बांधत होती. तिच्या उशिरा येण्याचं कारण धाऊंनी तिला कधी विचारलं नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, हेच तिला माहीत नव्हतं.

"शंका आली तर परत तपासता, हे खरं?"

"हो, सर."

"आणि चहाचं?"

"तेही खरं आहे, सर."

सबनीस पहिल्यांदाच हसले. "एवढे अर्ज आले. सगळे ध्येयवेडे. एकाचाही चहा पातळ नाही." मग लॅबच्या प्रमुख बाईंनी येऊन तिला तासभर आम्लता, साखर, बुरशी असं सगळं विचारलं, आणि जाताना सबनीसांकडे बघून मान हलवली.

"एक तारखेपासून या," सबनीस म्हणाले.

हर्षाली उठली, तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं आणि आवाज हळू केला. "एक विचारायचं होतं. हे बाहेर बोलू नका. पुण्याच्या एका कंपनीत मीही अर्ज केलाय. तुमच्या सासऱ्यांना... वेळ असतो का?"

तिने धाऊंना फोन लावला आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"लिवतो की, साहेब," गेटावरून धाऊंचा आवाज आला. "पण मी तुमाला घरात वावरताना कदी पायलं नाय. मी काय लिवणार? तुमच्या मंडळींचा नंबर द्या, त्यांना इचारून लिवतो."

सबनीस मोबाइलवर वाकले.

"तिला नको विचारायला," ते हळूच म्हणाले.

पलीकडून धाऊंचा आवाज मऊ झाला. "मग असं करा, साहेब. आजपासून जरा लवकर घरी जात जा. दोन-तीन महिन्यांनी मंडळींना इचारू."