जावयाची नोंद

"आधार कार्ड," दत्तोपंत म्हणाले आणि फाटकातच हात पुढे केला.

समोर जावई उभे होते. शौनकरावांना आधी ही थट्टाच वाटली. ते हसले. दत्तोपंत हसले नाहीत. पस्तीस वर्षं हजेरीपटावर लाल-निळ्या पेन्सिलीने राज्य केलेला हा निवृत्त मुख्याध्यापक नियमाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसे. लोधिवलीच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या ते मुंबईच्या पाहुण्यांना शनिवार-रविवार भाड्याने देत, आणि त्यासाठी आता नव्या नियमाप्रमाणे नोंदणी हवी होती. 'मुक्कामास येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची नोंद ठेवावी' यातल्या 'प्रत्येक' या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली होती.

"बाबा, अहो, हा शौनक आहे!" आसावरी म्हणाली.

"मला दिसतंय. पण उद्या पाहणी आहे."

शौनकरावांनी बॅग खाली ठेवली, ओळखपत्र दाखवायला साफ नकार दिला आणि परसातल्या पपईखाली खुर्ची टाकून बसले. रात्री जेवले, पण सासऱ्यांकडे पाठ करून. सकाळी पुन्हा पपई.

दत्तोपंतांच्या पत्नी मालतीबाईंना दुसरीच धास्ती होती. खोल्या सुरू झाल्यापासून घरात माणसांचा आवाज आला होता आणि त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते. नोंदणी नाकारली तर खोल्यांना कुलूप, आणि पुन्हा दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं. म्हणून त्यांनी रातोरात औषधं, वाळत घातलेले कपडे, जुनी वर्तमानपत्रं, सगळा पसारा माळ्यावर कोंबला. घर कसं लख्ख झालं.

पाहणीसाठी खालापूरहून आलेल्या साहेबांनी ते लख्ख घर पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथं कुणी राहत नाही," ते म्हणाले.

"अहो, आम्ही राहतो!" दत्तोपंत उडालेच. "चाळीस वर्षं!"

"सगळे तसंच सांगतात. मालक घरात राहत असेल तरच परवानगी, म्हणून लोक घर सजवतात. सकाळी एका ठिकाणी झोपाळ्यावर आजी दाखवली. विचारलं तर आजींची ड्युटी नऊ ते सहा."

दत्तोपंतांनी वीजबिल काढलं. साहेबांनी ते बाजूला सारलं. "कागद त्यांच्याकडेही होते. वही दाखवा."

वही सुवाच्य होती. साहेबांचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "शौनक, वय छत्तीस, येण्याचे कारण सासुरवाडी, ओळखपत्र दाखवण्यास नकार. म्हणजे ओळखपत्राशिवाय माणूस ठेवलात?"

"ते जावई आहेत."

"मग वहीत कशाला?"

"नियमात 'प्रत्येक' लिहिलंय," दत्तोपंत क्षीण आवाजात म्हणाले. आपल्याच पेन्सिलीने आपला घात केला, हे त्यांच्या आता ध्यानात आलं.

तेवढ्यात कामाला येणारी जनी चहाचा भरलेला कप घेऊन परसातून परतली. "बाय, जावई चा पन घेत नाय. त्वांड फिरवून बसलाय."

"बोलवा त्यांना," साहेब म्हणाले.

शौनकराव आले. साहेबांनी विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"यांनाच विचारा! काल फाटकात उभं करून ओळख मागितली. सात वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी मांडवात माझे पाय धुतले होते. तेव्हा नाही विचारलं कोण म्हणून!"

"शौनक, हळू!" आसावरी म्हणाली.

"हळू काय? दिवाळीचा शर्टही दोन मापं लहान आणला!"

"माप तुमच्या आईंनीच कळवलं होतं," मालतीबाईंना राहवेना.

"माझ्या आईला मध्ये आणू नका!"

"अरे, पण शर्ट मी पसंत केला होता!" दत्तोपंतही विसरले, समोर कोण बसलंय ते. पाच मिनिटं कुणाचं कुणाला ऐकू येईना. साहेबांनी मात्र शांतपणे पेनचं टोपण काढलं.

"पुरे. खात्री पटली."

"कसली?" चौघंही एकदम म्हणाले.

"आजी भाड्याने मिळते हो. असं भांडण नाही मिळत." त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'कुटुंब प्रत्यक्ष राहते. जावई रुसलेले समक्ष पाहिले. परवानगी एक वर्ष. पुढील वर्षी फेरपाहणी.' आणि चहा पिऊन ते गेले.

शौनकरावांनी तो शेरा दोनदा वाचला. आपल्या रुसण्याला सरकारी शिक्का मिळालेला जावई तालुक्यात तरी दुसरा नसावा. त्यांनी निमूटपणे ताटावर बसून भाताला हात घातला.

"जावईबापू," दत्तोपंत चाचरत म्हणाले, "पुढच्या वर्षीही पाहणीला याल ना?"

"येईन की. पण रुसायला काहीतरी कारण लागेल."

"त्याची काळजी नको," तूप वाढत मालतीबाई म्हणाल्या, "ते द्यायला यांना नियम लागत नाही."