एकशे सतरा नंबरचा साग

टेंभुर्णेसाहेब आमची बेल कधी वाजवत नाहीत. बोटाच्या पेरानं दार तीन ठिकाणी ठोकतात, कान लावतात आणि मी दार उघडलं की नमस्काराआधी म्हणतात, "बिल्डरनं फसवलं तुम्हाला. आत भुसा आहे."

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत ते समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे चंद्रपूरचे, झाडांच्या आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ. आठ वर्षं दिल्लीत फायलींवर सह्या करतायत. कुठल्या झाडाचं लाकूड टणक निघणार, हे त्याच्या जीन्समध्ये नेमकं कुठं लिहिलंय, याचा नकाशा काढायचा हा त्यांचा ध्यास. माणसांनाही तोच न्याय. माझा मुलगा चिडला की माझ्या बायकोसमोरच सांगतात, "आईवर गेलाय."

एकदा त्यांना भाचीच्या लग्नाच्या बोलणीला नेलं. चूक माझीच. मुलाकडच्यांनी खानदानी सागवानी सोफा दाखवला. साहेबांनी वाकून ठोकला. "रबरवूड. अच्छा आहे, पण सागवान बिल्कुल नाही." लग्न जमलं, आम्हा दोघांना आमंत्रण नव्हतं.

तरुणपणी त्यांनी चंद्रपूरजवळ एकाच आईबापाची तीनशे सागाची रोपं लावली होती. जीन्स कधीच वाचून झाले. लाकूड तपासायला मात्र झाडं जून व्हावी लागतात. अर्धा नकाशा घेऊन माणूस पंचवीस वर्षं थांबला. निवृत्तीआधी स्वतः जाऊन नमुने घ्यायचे म्हणून अर्जांवर अर्ज केले. मार्चमध्ये मंजुरी आली: नमुने कनिष्ठांनी घ्यावेत. तीन आठवडे उरलेल्या माणसाचा प्रवास शासनाच्या हिताचा नव्हता.

नमुने घेण्याच्या दिवशी ते आमच्याकडेच बसले होते. फोन स्पीकरवर, पलीकडे जंगलातून रूपाली, त्यांच्या हाताखालची नवी शास्त्रज्ञ.

"सर, पेन्सिलीएवढा नमुना निघाला. एकशे सतरा नंबर."

"भोक बुजवलंस?"

"हो सर. झाडाला काही होत नाही त्यानं."

"ठाऊक आहे. तरी नीट बुजव." मग म्हणाले, "तो नमुना वगळ. लहानपणी वाकलं होतं ते. मी काठी बांधली होती."

प्रयोगातल्या झाडाला आधार देणं म्हणजे परीक्षेत कॉपी पुरवणं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"आता सरळ आहे?" त्यांनी विचारलं.

"एकदम सरळ, सर."

"घाई नसेल तर पाच मिनिटं बस त्याच्याजवळ."

"सावली नाही हो सर. सगळी पानं गळलीत."

"बस ना, बेटा. फोन चालू ठेव."

सुक्या पानांवर कुणीतरी बसल्याचा चुरचुर आवाज आला. साहेबांनी स्पीकर बंद केला, फोन कानाशी घट्ट धरला आणि आमच्याकडे पाठ केली.