गगनवीराच्या दोराची हकीकत

श्री दूरदृष्टी माउली साह्य असो, आणि वीज टिकून राहो. शके एकोणीसशे दहा, विभवनाम संवत्सरी, आश्विनमासी एके राज्यी जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले असे. चूकभूल दिसल्यास लेखकाचा इलाज नाही, कारण लेखकासच अद्याप उलगडा जाहला नाही.

त्या राज्यी दर रविवारी चित्रपेटीवर गगनवीर नामे मालिका लागत असे. गगनवीर म्हणजे मानकोजी इंगळे, वय पन्नाशीचे, पोट सुटलेले. विजारीवरून तांबडी चड्डी चढवीत, पाठीस पडदा बांधीत आणि दुष्टांवर आकाशातून झेप घेत. झेपेसमयी कमरेचा जाड दोर साफ दिसे. डोंगर पुठ्ठ्याचा, तो हात टेकताच हाले. मालिकेतील दुष्ट कपटासुराचे डोईस पिठाची चाळणी. ऐसे असोनही त्या समयी राज्यातील चुली थंड पडत, आणि महाराज खुद्द दरबार भरवून मालिका पाहात. आणि तेथील रिवाज ऐसा की, धन्याचे हसणे वा रडणे रयतेने पाहू नये. सबब भावना अनावर होताच महाराज शेला तोंडावर घेत, आणि दरबारी मंडळी खांद्यांवरून अंदाज बांधून तैसेच वर्तत.

मग एके रविवारी गगनवीराने बुडत्या लेकरासाठी कड्यावरून झेप घेतली, आणि महाराजांनी शेला तोंडावर घेतला, आणि खांदे गदगदा हलू लागले. उजवीकडील मंडळी समजली हसतात, ती खो खो हसू लागली. डावीकडील समजली रडतात, त्यांनी गळा काढला. मग एकमेकांस पाहोन दोहीकडची गाळण उडाली. कारभारी गिरमाजीपंतांची तर पाचावर धारण बसली, कारण निकाल त्यांस देणे होता: महाराज हसले असतील तर मानकोजीस सोंगाड्यांच्या पथकात घालावे, रडले असतील तर वीरांच्या पंगतीस बसवावे. हे कानी येताच मानकोजी दरबारी येऊन हात जोडोन बोलिले, "पंत, मी विनोद करीत नाही. मी उडतो. सोंगाड्यांत घातलेत तर ही चड्डी पुन्हा चढवणार नाही."

महाराजांस पुसणे रिवाजाबाहेर. मग पंत प्रजेचे मत घेण्यास बाजारी गेले. पाटील बोलिले, "अगदी भिकार मालिका. एक भाग चुकवला नाही मी." शाळेचे पंतोजी बोलिले, "ही सगळी थट्टाच आहे, फक्त करणारांस ठाऊक नाही," आणि डोळे पुसू लागले. मग तुळसा कासारीण बोलिली, "मला बाई त्यो दोर दिसतुया. आता तुटंल, मग तुटंल, जीव नुसता टांगणीला! येवढा मोठा बाप्या, पडला तर उचलायचा कुणी?" पंतांस वाटले, सापडले, दोर दिसतो हेच बखेड्याचे मूळ. लागलीच त्यांनी बारीक, डोळ्यांस न दिसणारा नवा दोर आणविला.

पुढील रविवारी मानकोजी पाखरासारिखे सुरेख उडाले. कोणी हसले नाही, कोणी रडले नाही. महाराजांनी जांभई दिली, "बरे आहे" म्हणाले, आणि आज भाजी कशाची ते पुसते जाहले. पंत सुटकेचा श्वास टाकिते जाहले. मानकोजी मात्र चड्डीची घडी मांडीवर घेऊन बसून राहिले. फार वाईट वाटले त्यांस. मग उठोन गोठ्यात गेले, तेथे म्हशीस बांधलेला आपला जुना दोर सोडविला, आणि पंतांसमोर येऊन बोलिले, "सोंगाड्यांत घाला, नाहीतर आणखी कोठे घाला. पण मी उडेन तो यावरच."

त्यापुढील रविवारी त्यांनी झेप घेतली, आणि दोर करकरला, आणि महाराजांनी शेला तोंडावर घेतला, आणि उजव्यांनी घेतला, आणि डाव्यांनी घेतला, आणि पंतांनीही घेतला, आणि अवघ्या दरबाराचे खांदे एकदम हलू लागले.

एवंच, मानकोजी पडले नाहीत. ते सोंगाडे की वीर, हे आजतागायत ठरले नाही, आणि त्यांनीही पुन्हा पुसले नाही. त्या दिवशी दरबार हसला की रडला, हे लेखकाने लिहावे तर पाहिले नाही. लेखकाच्याही तोंडावर शेला होता.